शहरातील छोटी उपाहारगृहे : इराणी हॉटेलांनी दिलेले धडे

महानगरातील कोणत्याही रहदारीच्या रस्त्यावर आज चहा-कॉफीची अनेक दुकाने शेजारी शेजारी उभी असलेली दिसतात. त्यांत देशभर शाखा असलेल्या मोठ्या कंपन्याही आहेत. १९९६ साली बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर ‘कॅफे कॉफी डे’ची पहिली शाखा उघडली आणि २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कल येथे ‘स्टारबक्स’ने भारतात प्रवेश केला. अशा गर्दीत स्वतःची पुंजी गुंतवून एकच उपाहारगृह चालविणाऱ्याने टिकून कसे राहावे, हा अनेक कुटुंबांच्या चरितार्थाचा प्रश्न आहे. मुंबई आणि पुणे येथील इराणी हॉटेलांच्या इतिहासात या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सापडते.

कोपऱ्यावरची जागा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी इराणच्या यझ्द, केरमान आदी भागांतून अनेक कुटुंबे मुंबईस आली. त्यांच्यापाशी भांडवल बेताचेच होते. कोपऱ्यावरची जागा अशुभ मानून इतर व्यापारी ती टाळीत, असे सांगितले जाते. इराण्यांनी नेमक्या त्याच जागा घेतल्या. कोपऱ्यावरच्या दुकानास दोन रस्त्यांवरून प्रवेश असतो, हवा व उजेड मुबलक मिळतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची दृष्टी सहज पडते. इतरांनी नाकारलेल्या जागेतील गुण ओळखणे, हा या इतिहासातील पहिला धडा होय.

धोबी तलाव येथील ‘कयानी’ १९०४ साली सुरू झाले. बॅलार्ड इस्टेटमधील ‘ब्रिटानिया’ १९२३ चे, तर पुण्याच्या डेक्कन भागातील ‘गुडलक’ १९३५ चे. संगमरवरी पृष्ठभागाची मेजे, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि भिंतींवरील मोठे आरसे, अशी या हॉटेलांची मांडणी असे. संगमरवर एका फडक्यात स्वच्छ होतो. आरशांमुळे जागा ऐसपैस वाटते आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकास सर्व मेजे दिसतात. म्हणजे शोभेच्या प्रत्येक वस्तूस काही ना काही काम नेमून दिलेले होते.

एका पदार्थाची ख्याती

मोठ्या कंपनीचे बळ सर्व शाखांत एकच चव देण्यात असते. छोट्या उपाहारगृहाचे बळ इतरत्र न मिळणारी चव देण्यात असते. ग्रँट रोड स्थानकाजवळ १९१४ साली स्थापन झालेल्या ‘मेरवान’ची ओळख मावा केकने घडविली. ‘ब्रिटानिया’चा बेरी पुलाव मालकाच्या पत्नीने इराणमधील वास्तव्यात शिकलेल्या पाककृतीतून आला. पदार्थांची यादी लांबविण्याने वाया जाणारा माल वाढतो आणि आचाऱ्याचे लक्ष विभागले जाते. दोन-तीन पदार्थ रोज त्याच गुणवत्तेचे देणे अधिक कठीण असले, तरी गिऱ्हाईक त्यासाठीच वाट वाकडी करून येते.

हिशेबाची बाजू

अनेक इराणी हॉटेलांत पाव-खारी विकण्याची सोय असे. कित्येक ठिकाणी अंडी, साबण अशा दैनंदिन वस्तूही मिळत. या व्यवस्थेचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, चोवीस खुर्च्यांच्या उपाहारगृहाचा भाडे, पगार, वीज इत्यादी रोजचा ठराविक खर्च ६,००० रुपये आहे आणि साहित्याचा खर्च वजा जाता प्रत्येक गिऱ्हाइकामागे ४० रुपये उरतात. केवळ खर्च भागविण्यासाठी दररोज १५० गिऱ्हाइके हवीत. म्हणजे प्रत्येक खुर्ची सहाहून अधिक वेळा भरली पाहिजे. आता गल्ल्याजवळून साठ जणांनी पाव-बिस्किटे नेली आणि प्रत्येकामागे २० रुपये उरले, तर १,२०० रुपये एकही खुर्ची न अडविता मिळतात. मग बसणारी १२० गिऱ्हाइके पुरतात. घरपोच विक्रीसही हाच नियम लागू आहे. मात्र मध्यस्थ कंपनीचे कमिशन वजा करूनच शिल्लक मोजली पाहिजे.

सर्वांसाठी खुले दार

जातिभेद तीव्र असण्याच्या काळात कामगार, विद्यार्थी, वकील, पत्रकार अशा सर्वांना एका छताखाली चहा मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. एका कपावर निवांत बसणाऱ्याकडे इराणी मालकाने बहुधा दुर्लक्षच केले. तो माणूस उद्या पुन्हा येतो आणि सोबत मित्रास आणतो, हा व्यवहार त्यास ठाऊक होता. आजही मालकाने स्वतः गल्ल्यावर बसणे, नेहमीच्या गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवणे आणि तक्रार तत्काळ ऐकणे, या गोष्टी दूरच्या मुख्यालयास सहज साधत नाहीत.

ऱ्हासाची कारणे

तथापि, या इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एकेकाळी गल्लोगल्ली दिसणारी ही हॉटेले आज थोडीच उरली आहेत. पुढील पिढी अन्य व्यवसायांकडे वळली, जागांच्या किमती वाढल्या आणि चहाच्या नफ्यापेक्षा जागेची विक्री अधिक लाभाची ठरली. जी टिकली त्यांना जुन्या, नियंत्रित भाड्याचा मोठा आधार होता. आज नव्याने जागा घेणाऱ्यास तो आधार नाही. म्हणून जुने आरसे आणि खुर्च्या आणून केवळ देखावा उभारणाऱ्याने आधी भाड्याचा करार पाहावा. कराराची मुदत, दरवर्षीची वाढ आणि जागा सोडण्याच्या अटी लेखी असाव्यात. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये आवश्यक नोंदणी वा परवाना घेणेही बंधनकारक आहे.

मालकीचा प्रश्न सुटला म्हणजे संस्था कशी जगते, याचे उदाहरण ‘इंडियन कॉफी हाउस’ने घालून दिले. कॉफी मंडळाने आपली कॉफीगृहे बंद करण्यास प्रारंभ केल्यावर ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था स्थापिल्या. पहिली संस्था १९५७ साली बंगळूर येथे उभी राहिली.

ग्रामीण भागासाठी बोध

हे धडे महानगरापुरते मर्यादित नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी बसस्थानकाजवळ बचत गटाच्या भगिनी उपाहारगृह सुरू करतात, तेव्हा त्यांच्यासमोरही अशीच गर्दी असते. ग्रामपंचायतीने गाळा देताना भाड्याची मुदत पुरेशी ठेवावी. शिक्षकांनी गटास रोजचा हिशेब मांडण्यास साहाय्य करावे. अधिकाऱ्यांनी कर्ज मंजूर करण्यापूर्वी ‘रोज किती गिऱ्हाइके लागतील?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. या प्रश्नाचे उत्तर ज्या गटास पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल आणि ज्याच्या थालीपिठाची वा भाकरीची चव दुसरीकडे मिळत नसेल, त्यास शेजारच्या दुकानाची भीती बाळगण्याचे फारसे कारण उरणार नाही.