मग देवाला कोणी केले?

शास्त्रवाचन : यिर्मया २:९-१३, रोम. १:१८-२५, इब्री ३:१-६

शब्बाथशाळेत उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा पाठ चालला की एखादे मूल हमखास विचारते, "सगळे देवाने केले, मग देवाला कोणी केले?" पुष्कळदा 'असे विचारू नये' असे सांगून त्याला गप्प बसवले जाते. मूल गप्प बसते. प्रश्न मात्र तसाच राहतो. पुढे कॉलेजात तोच प्रश्न कोणी थट्टेने विचारला, की आपल्या मंडळीजवळ याचे उत्तरच नाही, अशी त्या तरुणाची समजूत होते. म्हणून या पाठात आम्ही या प्रश्नाचा शांतपणे विचार करणार आहोत.

१. विधान नीट मांडावे

घर पाहिले की बांधणाऱ्याची आठवण होते. त्याप्रमाणे सर्व सृष्टीमागे देव आहे, असा इब्री ३:४ चा आशय आहे. आपल्या देशातील नैयायिकही घटावरून कुंभाराचे, म्हणजे कार्यावरून कर्त्याचे अनुमान करीत. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' या ग्रंथात ईश्वरसिद्धीसाठी हाच मार्ग धरला.

परंतु 'प्रत्येक गोष्टीला कारण असते' असे शिक्षकाने सांगितले, तर मुलाचा प्रश्न अगदी रास्त ठरतो. विचारवंतांचे विधान याहून काटेकोर आहे. मुस्लिम पंडित अल-गझाली (मृत्यू ११११) यांची मांडणी अशी : ज्याला आरंभ आहे त्याला कारण असते, जगाला आरंभ आहे, म्हणून जगाला कारण आहे. ज्याला आरंभच नाही, त्याला हा नियम लागू पडत नाही.

२. नळ आणि झरा

'ही पळवाट आहे. कारणांची साखळी अनंत का नसावी?' असे कोणी म्हणेल. घरातील नळाचे उदाहरण घ्या. नळाला पाणी गल्लीतल्या नळातून येते, त्याला रस्त्याखालच्या मोठ्या नळातून. नळांची रांग कितीही लांबवली तरी नळ पाणी निर्माण करीत नाही. तो फक्त पुढे पोहोचवतो. अनंत नळ जोडले, पण कोठेच झरा नसला, तर आपली घागर कोरडीच राहील. आणि घागर भरते आहे!

थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) यांच्या युक्तिवादाचे मर्म असेच आहे. जगाला काळात आरंभ होता हे केवळ बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते विश्वासाने कळते, असे त्यांचे मत होते. तरी आज, या घटकेस, उसने अस्तित्व घेऊन टिकलेल्या वस्तूंना स्वयंभू अस्तित्वाचा आधार हवा, असे त्यांनी प्रतिपादिले. 'झऱ्याला पाणी कोणत्या नळातून येते?' हा प्रश्न जसा, तसाच 'देवाला कोणी केले?' हा प्रश्न होय. यिर्मयानेही देवाला जिवंत पाण्याचा झरा म्हटले आहे, हे लक्षात घ्यावे.

३. विज्ञानाची साक्ष

विश्व प्रसरण पावत आहे, ही कल्पना बेल्जियमचे धर्मगुरू व शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये मांडली. १९२९ मध्ये हबल यांच्या निरीक्षणांनी तिला बळकटी आली. १९६५ मध्ये पेन्झियास व विल्सन यांनी, आकाशाच्या सर्व दिशांकडून येणारे मंद प्रारण सापडल्याचे जाहीर केले. या प्रसरणाची सुरुवात सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी झाली, असे आज मानले जाते.

हे ऐकून आपल्याला आनंद होतो. पण सावध राहावे. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या शोधांचा संबंध देवाच्या निर्मितिकार्याशी जोडला, तेव्हा खुद्द लमेत्र यांना ते रुचले नाही. विज्ञानाचा सिद्धांत उद्या बदलू शकतो. आपला विश्वास त्याच्या खुंटीला टांगू नये, हा बोध आपण घ्यावा. विश्व पूर्वी कसे होते हे विज्ञान शोधते. मुळात काहीही का आहे, हा प्रश्न त्यापलीकडचा आहे.

४. युक्तिवादाची मर्यादा

स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांचे या विषयावरील संवाद त्यांच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत आक्षेप येतो : जगापाशीच का थांबू नये? आणि कारण असलेच, तर ते एकच व चांगले आहे कशावरून? पहिल्याला आमचे उत्तर असे की, नळांची बेरीज म्हणजे झरा नव्हे. दुसरा आक्षेप मात्र प्रामाणिकपणे मान्य करावा. सृष्टीवरून देवाचे सामर्थ्य व देवपण कळते, असे पौल रोम. १:२० मध्ये सांगतो. त्याची प्रीती मात्र आपल्याला वधस्तंभापाशी कळते. युक्तिवाद दारापर्यंत आणतो. आत पित्याची ओळख पुत्रच करून देतो.

म्हणून शिक्षकांनी प्रश्नाला भिऊ नये. विचारणाऱ्या मुलाला शाबासकी द्यावी, नळाचे उदाहरण सांगावे आणि मग त्याला ख्रिस्ताकडे न्यावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. 'प्रत्येक गोष्टीला कारण असते' आणि 'ज्याला आरंभ आहे त्याला कारण असते' यांत फरक काय?
२. सृष्टीवरून देवाविषयी काय कळते व काय कळत नाही?
३. आपल्या वर्गातील कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला आहे? येत्या रविवारी तो घ्याल काय?