पाडव्याआधीही एकदा दसरा काढा



घटस्थापनेच्या आधी आपल्या मराठवाड्यात घरोघरी 'दसरा काढतात'. पैठण घ्या, गंगापूर घ्या की वैजापूर घ्या. गोधड्या-वाकळा धुवायला निघतात, माळ्यावरची भांडी खाली उतरतात, जळमटे निघतात, भिंतींना चुना लागतो. ही चाल चांगलीच आहे. पण हा दसरा निघतो पावसाळा संपता संपता. त्यानंतर गळीत हंगाम सुरू होतो. टोळी कधी येणार, गाडी कधी भरणार, या घोरात चार-पाच महिने घराकडे बघायला कोणाला सवड नसते. याच दिवसांत जळण, रिकामी पोती, औषधाच्या बाटल्या, नवा गहू-हरभरा असे सगळे घरात येऊन पडते. म्हणून आमचे सांगणे असे, की ऊस गेला की पाडव्याआधी आणखी एकदा दसरा काढावा. आणि या वेळी सुरुवात दिसणाऱ्या धुळीपासून न करता, ज्या जागांतून आजार येतो त्या जागांपासून करावी. अशा जागा मुख्यतः चार.

पहिली जागा : रांजण, हौद आणि टाकी

नळाला रोज पाणी नाही, म्हणून आपण ते साठवतो. डेंग्यूचा डास गटारात फारसा वाढत नाही. तो वाढतो आपल्या याच स्वच्छ पाण्यात, आणि चावतो दिवसा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करा असे सांगतात. पण पुष्कळ घरांत पाणी ओतून देतात, भांडे विसळतात आणि पुन्हा भरतात. तेवढ्याने भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी भरले की पुन्हा अळ्या. तेव्हा आतून काथ्याने खसाखसा घासावे, उन्हात वाळवावे आणि मगच भरून झाकावे. कूलर, फुटके टायर आणि फ्रीजमागचे ताट विसरू नये.

दुसरी जागा : धान्याची खोली

ऊस तुटला की फडातल्या उंदरांचा आसरा जातो आणि ते वस्तीकडे वळतात. उंदरामागे सापही येतो. 1994 साली शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावी प्लेगची साथ आली होती, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. प्लेगचा जंतू उंदराच्या पिसवांतून माणसात येतो. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून दुसरे अंग शोधतात. म्हणून घरात किंवा गावात उंदीर आपोआप मरून पडू लागले तर हात लावू नये, आधी आरोग्य केंद्रात कळवावे. एरवीची काळजी साधी आहे. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावीत, भिंतीपासून हातभर सोडावीत, म्हणजे मागून झाडता येते. बिळे काचेचे तुकडे घालून सिमेंटने बुजवावीत.

तिसरी जागा : जळण आणि गोवऱ्यांचा ढीग

घराच्या भिंतीला टेकून रचलेला ढीग म्हणजे विंचवाचे घर. तो भिंतीपासून दूर हलवावा. हलवताना पायात बूट हवेत, आणि हात घालण्याआधी काठीने ढोसावे. लाल विंचवाचे विष हृदयावर जाते. लहान मूल दगावू शकते. या दंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी आहे हे महाडला काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवले. हे डॉक्टर मूळचे आपल्या मराठवाड्यातलेच, जालना जिल्ह्यातले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर उतारा करण्यात वेळ घालवू नये. तडक दवाखाना गाठावा.

चौथी जागा : औषधाची फळी

ही जागा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली, कारण इथे चूक झाली तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही. एका वस्तीवर आम्ही देवळीत सरबताची बाटली पाहिली. विचारले तर घरधनी म्हणाले, "ते राहिलेलं औषध हाय, मोठी बाटली फुटली म्हणून त्यात ओतलं." खाली त्यांचा नातू खेळत होता.

उरलेले औषध मूळ डब्यातच, लेबलासह, कुलूप लावून ठेवावे. स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत कधीच नाही. लेबलावरचा रंगीत चौकोन पाहावा : लाल सर्वांत जहरी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी फवाऱ्यातच घालावे आणि डब्याला भोके पाडावीत, म्हणजे त्यात कोणी तेल-पाणी भरणार नाही. धान्यात घालायच्या गोळ्यांना हवेतला ओलावा लागला की जहरी वायू सुटतो. माणसे झोपतात त्या खोलीतल्या धान्यात या गोळ्या ठेवू नयेत. अख्खे कुटुंब झोपेतच जाऊ शकते.

आणखी दोन गोष्टी. अंथरूण-पांघरूण चांगले दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकावे. घरात खरूज असेल तर औषध सगळ्यांनी एकाच दिवशी लावावे आणि कपडे गरम पाण्यात धुवावेत. एकट्याने लावले तर ती पुन्हा फिरून येते. दुसरे असे, की ब्लिचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, छाती भरून येते.

आता हे सगळे करायचे कोणी? आपल्याकडे दसरा काढणे हे बायकांचे काम धरले आहे. पण पोती उचलणे, जळण हलवणे, टाकीत उतरणे आणि औषधाला कुलूप लावणे ही कामे कारभाऱ्याने स्वतः करावीत. गाडगेबाबा दिवसा गावोगाव हातात खराटा घेऊन झाडत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

बिलाचा पैसा दवाखान्यात जाऊ नये असे वाटत असेल, तर दोन दिवस काढा. पहिल्या दिवशी औषधाची फळी आणि पाण्याची भांडी, दुसऱ्या दिवशी धान्य आणि जळण. मग गुढी उभारा. शेजारच्या सभासदालाही हे वाचून दाखवावे, ही विनंती.