निद्रा, मूर्च्छा आणि साक्षी

अतिदक्षता विभागात बेशुद्ध बालकाच्या उशाशी बसलेली आई विचारते, “डॉक्टर, बाळ झोपले आहे ना?” हैदराबादेतील माझ्या व्यवसायात हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे.

१२ मंत्रांच्या मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न व सुषुप्ती या अवस्था सांगून त्यांचे अधिष्ठान असलेले ‘तुरीय’ चैतन्य निर्दिष्ट केले आहे. मग मूर्च्छा यांपैकी कोणती? ब्रह्मसूत्रातील तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातील दहावे सूत्र तिला पूर्ण सुषुप्ती न मानता ‘अर्धसंपत्ती’ म्हणते. त्यावरील भाष्यात आद्य शंकराचार्यांनी जणू रुग्णपरीक्षाच केली आहे. निद्रिताचा चेहरा प्रसन्न, श्वास नियमित, नेत्र मिटलेले. मूर्च्छिताचा श्वास कधी दीर्घकाळ थांबतो, देह कापतो, नेत्र विस्फारलेले असतात. पहिला हाताने दाबताच जागा होतो, दुसरा मुद्गराच्या आघातानेही नाही. १९७४ साली प्रसिद्ध झालेली ग्लासगो कोमा मापनश्रेणीही नेत्र, वाणी व हालचाल यांच्या प्रतिसादास ३ ते १५ गुण देते.

तथापि प्रतिसाद मोजणे म्हणजे चैतन्य मोजणे नव्हे. अद्वैतमते साक्षी कोणत्याही अवस्थेत लोपत नाही. अर्थात हा सिद्धान्त रोगमुक्तीची हमी नव्हे. मातेस खोटी आशा देण्यासाठी तो वापरू नये. ‘ही झोप नव्हे’ हे सत्य मृदुपणे सांगावेच. परंतु ३ गुणांच्या बालकासही नावाने हाक मारूनच स्पर्श करावा. वैद्याची साधना तेथूनच सुरू होते.