मोबाईलवरून पैशांचे व्यवहार : खाते सुरक्षित कसे ठेवाल?



पिकाला पाणी सोडण्यापूर्वी आपण चारी कोठे फुटलेली नाही ना, हे पाहून घेतो. बँक खात्याचीही अशीच पाहणी करणे आता गरजेचे झाले आहे. २०१६ साली युपीआय पद्धत सुरू झाली. खते, बियाणे, औषधे व मजुरीचे पैसे मोबाईलवरून देता येऊ लागले आणि बँकेतील हेलपाटे वाचले. मात्र पैसे जितक्या लवकर दुकानदाराला मिळतात, तितक्याच लवकर ते ठगाच्या हाती जाऊ शकतात. म्हणून ही पद्धत नीट समजून घेऊन वापरणे हिताचे ठरते.

पिन केव्हा लागतो?

एका शेतकरी मेळाव्यात एका पशुपालकाने आपला अनुभव आम्हाला सांगितला. त्यांनी म्हैस विक्रीची जाहिरात मोबाईलवर दिली होती. फोनवरील गिऱ्हाइकाने म्हैस न पाहताच भाव कबूल केला व इसार पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठविला. "कोड स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील," असे तो म्हणाला. पिन टाकताच खात्यातील १८ हजार रुपये गेले. ती रक्कम रब्बीच्या खतासाठी राखून ठेवलेली होती.

येथे एकच गोष्ट ध्यानात घ्यावी. युपीआयचा ४ किंवा ६ अंकी पिन हा पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. "पैसे मिळतील, पिन टाका" असे कोणीही सांगितले तर ती फसवणूक समजावी.

प्रतिबंधात्मक उपाय

१) पीक कर्ज व शेतमाल विक्रीची रक्कम ज्या खात्यात येते, ते खाते शक्यतो युपीआयला जोडू नये. रोजच्या खर्चासाठी वेगळे बचत खाते ठेवून त्यात गरजेपुरतीच रक्कम ठेवावी. नुकसान झालेच तर ते तेवढ्यावरच थांबते.

२) व्हॉट्सॲपवर योजनेच्या नावाने येणारी 'एपीके' फाईल उघडू नये. अशी फाईल मोबाईलमध्ये बसली की आपले संदेश व ओटीपी परस्पर ठगाकडे जाऊ शकतात. पीएम-किसानचा हप्ता थेट खात्यात जमा होतो. त्यासाठी अशी कोणतीही फाईल घ्यावी लागत नाही.

३) बँकेचा फोन क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. तेथे बनावट क्रमांकही असतात. पासबुकावरील किंवा एटीएम कार्डामागील क्रमांकच वापरावा.

४) पिन, ओटीपी व कार्डावरील अंक कोणालाही सांगू नयेत. बँकेचा कर्मचारी हे कधीही विचारत नाही. पिन मोबाईलच्या कव्हरवर लिहून ठेवू नये. दुकानदाराकडून टाकून घेऊ नये.

५) पैसे पाठविण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव व रक्कम वाचावी आणि मगच पिन टाकावा.

६) थेट भाजी किंवा फळे विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरील "पैसे गेले" हे चित्र पाहून माल देऊ नये. रक्कम जमा झाल्याचे आपल्या ॲपमध्ये पाहावे. "चुकून जास्त पैसे आले, परत पाठवा" असा फोन आल्यास प्रथम शिल्लक तपासावी. जमेचा संदेशही बनावट असू शकतो.

७) मोबाईल हरवल्यास सिमकार्ड ताबडतोब बंद करून घ्यावे, कारण युपीआय त्याच क्रमांकावर चालते. त्यानंतर बँकेस कळवावे.

फसवणूक झाल्यास काय करावे?

रोग दिसताच फवारणी केली तर पीक वाचते. येथेही वेळेलाच महत्त्व आहे. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. ठगाने रक्कम काढून घेतलेली नसेल, तर ती वाटेतच अडविता येते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ व रक्कम जवळ ठेवावी. बँकेकडेही तक्रार करून तिचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये याबाबत निर्देश दिले. आपली किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि आपण ३ कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर नुकसान ग्राहकावर पडू नये, असे त्यात ठरविण्यात आले. पिन आपणच दिला असल्यास तक्रार करेपर्यंतचे नुकसान आपल्यावर येते, पण तक्रारीनंतरचे बँकेवर. म्हणून लाजेपोटी गप्प राहू नये. फसविले जाणे हा गुन्हा नव्हे. मात्र उशीर केल्यास नुकसान वाढते.

शेवटी एवढेच, की ही माहिती घरातील वडीलधाऱ्यांना व मुलांनाही समजावून द्यावी. मोबाईल घरात अनेकांच्या हाती असतो, पण खात्यातील पैसा सर्वांच्या घामाचा असतो.