एकाच घरांतील दोन हृदयें

दक्षिण अमेरिकेंतील ब्राझिल देशांत मिनास झेराइस नांवाचा प्रांत आहे. तेथें लोहमार्गाचें काम चाललें असतां मजुरांत हिवताप पसरला व त्याचा बंदोबस्त करण्यासाठीं कार्लोस शागास नांवाचा तरुण डॉक्टर लासांस या खेड्यांत जाऊन राहिला. आगगाडीचा एक डबा हेंच त्याचें घर व हीच त्याची प्रयोगशाळा. तेथील कुडाच्या भिंतींच्या फटींतून रात्रीं बाहेर पडून निजलेल्या माणसांचें रक्त पिणारा एक मोठा किडा त्याच्या दृष्टीस पडला. हा आपल्या ढेकणाच्याच गणांतला. लोक त्यास ‘बार्बेइरो’ म्हणजे न्हावी म्हणत. कारण त्याचा रोख बहुधा चेहऱ्यावर! त्याच्या आंतड्यांत शागासला एक शेपटीवाला सूक्ष्म जीव आढळला आणि १९०९ च्या एप्रिलमध्यें तोच जीव एका दोन वर्षांच्या तापकरी मुलीच्या रक्तांत सांपडला. आपले गुरु ओस्वाल्दो क्रूझ यांच्या सन्मानार्थ त्यानें त्यास ट्रिपानोसोमा क्रूझी हें नांव दिलें. एरवीं रोगी आधीं दिसतो व कारण मागाहून शोधावें लागतें. येथें कारण आधीं हातीं लागलें व त्यावरून रोग सांपडला, ही मोठी नवलाची गोष्ट होय.

किडा रक्त पीत असतां तेथेंच विष्ठा टाकतो. माणूस झोपेंत खाजवितो आणि विष्ठेंतील जंतु जखमेंतून किंवा डोळ्यांतून आंत शिरतात. थोडे दिवस ताप येतो, पुष्कळांस तोही येत नाहीं. मग दहा, वीस, तीस वर्षें सारें शांत. आज सुमारें ७० लक्ष लोकांच्या शरीरांत हा जंतु आहे. परंतु त्यांपैकीं १०० मध्यें सुमारें ३० जणांचेंच हृदय बिघडतें. तें फुगतें, त्याचे ठोके चुकूं लागतात व कित्येकदां शेतांत काम करतां करतांच माणूस कोसळतो.

एकाच झोपडींत वाढलेल्या, त्याच किड्यांनीं चावलेल्या दोन भावांपैकीं एक चाळिशींत जातो आणि दुसरा सत्तराव्या वर्षीं नांगर धरतो, हें कां? जंतूची जात व आंत गेलेल्या जंतूंची संख्या यांचा यांत भाग आहेच. पण हा हृदयरोग कांहीं कुटुंबांत अधिक आढळतो, हें पाहून संशोधक जनुकांकडे वळले.

येथें एक गोष्ट नीट ध्यानीं घ्यावी. हृदयाचा नाश एकटा जंतुच करीत नाहीं. त्याच्यावर चालून गेलेली शरीराची फौज वर्षानुवर्षें तेथेंच तळ देऊन बसते आणि स्वतःचाच मुलूख उजाड करिते. म्हणून ही फौज किती जोरानें चालून जाते, हें ठरविणारीं जनुकें महत्त्वाचीं ठरतात. जंतु आल्याची वर्दी पेशींत पुढें पोंचविणाऱ्या एका जनुकाची प्रत्येकाजवळ एक आईकडची व एक बापाकडची अशी प्रत असते. तींपैकीं एकच प्रत बदललेली असली, तर वर्दी थोडी मंद जाते. आणि अशा लोकांस हा हृदयविकार कमी होतो, असें ब्राझिलमधील संशोधकांस २००९ सालीं दिसून आलें. पुढें २०२१ मध्यें तेथील बाधित कुटुंबांचीं जनुकें वाचून पाहतां, आजारी भावंडांत मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशींतील शक्ति निर्माण करणाऱ्या भट्ट्यांच्या, जनुकांत विरळा दोष आढळले. ज्या हृदयाच्या भट्ट्या मुळांतच अधू, त्यास फौजेचा हा जाच सोसत नाहीं, असा तर्क आहे. सर्व दोष एकाच जनुकावर टाकण्याचा मोह मात्र आवरावा. अनेक जनुकें थोडाथोडा भार उचलतात.

जनुक एकटें केवढा फरक करूं शकतें हें पाहण्यास आपणांस दूर जावयास नको. क्रूझीचा भाऊबंद ट्रिपानोसोमा इव्हान्सी घोडे, उंट व गुरें यांना ‘सर्रा’ हा रोग जडवितो. माणसास तो सहसा बाधत नाहीं, कारण आपल्या रक्तांतील एक प्रथिन त्यास फोडून मारतें. असें असतां २००४ सालीं आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याच्या रक्तांत हा जंतु सांपडला. शोधाअंतीं कळलें कीं, त्या प्रथिनाच्या जनुकाच्या त्याच्या दोन्ही प्रती सदोष होत्या व तें प्रथिन त्याच्या रक्तांत मुळींच नव्हतें. बाहेरून तें घालतांच त्याच्या रक्तद्रवांत जंतु मरूं लागले! सुरामिन या औषधानें तो बरा झाला. हा हृदयरोग नव्हे. पण जंतु व वंश यांची गांठ इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

शागासच्या रोगावर बेन्झनिडाझोल हें औषध आहे. बाधा नवी असतां, विशेषतः अर्भकांत, तें उत्तम लागू पडतें. हृदय बिघडल्यानंतर मात्र तें जंतु कमी करतें, तरी रोगाची वाट अडवीत नाहीं, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणींत दिसलें. दोन भावंडांपैकीं कोणाचें हृदय पुढें खचेल हें आधींच सांगणारी जनुकपरीक्षा आज रुग्णालयांत उपलब्ध नाहीं. म्हणून डॉक्टर दोघांचेंही रक्त तपासतात, आणि जंतु आढळल्यास दरवर्षीं हृदयाचा आलेख काढून तो मागील वर्षाच्या आलेखाशीं ताडून पाहतात.