विरार लोकल पकडणाऱ्यांनी वजन कसं उतरवावं

वजन उतरवायचं ठरलं की माणूस आधी बूट घेतो. त्याआधी घरातला तेलाचा डबा बघा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज साधारण ४१ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ ३४० कॅलरी नुसत्या तेलातून पोटात जातात. तेवढ्या जाळायला ७० किलोच्या माणसाला सहा-सात किलोमीटर चालावं लागतं. म्हणून आधी खाणं आवरायचं, मग चालायचं. नुसत्या चालण्याने वजन फारसं हलत नाही. वसईच्या सुरूच्या बागेत वर्षानुवर्षं फेऱ्या मारणारी पोटं पाहिली की खात्री पटते.

सुरुवातीला मोजमाप. सकाळी काही खाण्याआधी वजन करा, आणि नंतर आठवड्यातून एकदाच, त्याच वारी. बेंबीच्या रेषेत टेप लावून कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर वजनाचा काटा काहीही म्हणो, काम हाती घ्यायला हवं. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका, रक्तातली साखर एकदम उतरू शकते.

मग तेल. डबा फोडला त्या दिवसाची तारीख मार्करने डब्यावर लिहा. पाच लिटर लागायचं तिथे तीन लिटरमध्ये महिना काढा. माणशी रोज १३५ कॅलरी तिथेच वाचतात आणि भुकेला पत्ताही लागत नाही. बोंबील सोडायचे नाहीत, पण आठवड्यात एकदाच तळायचे, बाकी दिवस कालवण. सुकेळी मात्र डोळसपणे खा. एक सुकेळं म्हणजे एक अख्खं राजेळी केळं. पाणी उडालंय, साखर जागच्या जागी आहे.

खरी गोची संध्याकाळी होते. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, फास्ट मिळाली तरी दीड तास उभ्याने. दुपारचा डबा एकला खाल्लेला, घरी पोचेपर्यंत नऊ वाजलेले. अशी भूक घेऊन स्टेशनाबाहेर पडलं की वडापावची गाडी समोरच असते. एका वडापावात अडीचशे-तीनशे कॅलरी, आणि त्यानंतर घरचं जेवण होतंच. इथे इच्छाशक्तीच्या गप्पा कामाच्या नाहीत. ऑफिसातून निघतानाच मूठभर फुटाणे खा, वर पाणी प्या. मग रात्री ताटात क्रम बदला: आधी कोशिंबीर, मग मासळी किंवा उसळ, शेवटी भात. भाताची एक वाटी साधारण २०० कॅलरींची. दोन खात असाल तर एक खा. ती पातेल्यातून थेट ताटात न घेता वाटीने वाढून घ्या. डोळ्यांचा अंदाज भाताच्या बाबतीत नेहमीच उदार असतो.

दिवसातून दोनदाच खा, हे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर उलट थोडं थोडं, वरचेवर खायला सांगतात. दोन्ही बाजूंचे लोक बारीक झालेले दिसतात, कारण दोन्हीकडे एकूण खाणं कमी होतं. तुमच्या गाडीच्या वेळेत जे बसेल ते घ्या. भांडत बसू नका.

आता बूट. दीक्षितांचा हिशेब ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटरचा आहे. पाच पंचावन्नची गाडी पकडणाऱ्याला सलग ४५ मिनिटं कुठून मिळणार? तीन तुकडे करा. स्टेशनाला जाताना पंधरा मिनिटं, शेअर रिक्षा सोडून. उतरल्यावर ऑफिसपर्यंत पंधरा. रात्री जेवल्यावर पंधरा, हा तुकडा सर्वांत मोलाचा, कारण जेवणानंतरची साखर त्याने आटोक्यात राहते. वेग असा की बोलता यावं, पण गाता येऊ नये.

रविवारी वसईजवळच्या भुईगावच्या किनाऱ्यावर ओहोटीला जा आणि ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात. विरारच्या जीवदानी डोंगराच्या हजाराहून जास्त पायऱ्या पहिले दोन महिने नकोत. चढताना दम लागतो एवढंच, गुडघे दुखतात ते उतरताना. पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी साचलं की सोसायटीच्या इमारतीखालचं पार्किंग किंवा गच्ची.

आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर उत्तम. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले तर पेढे वाटू नका, त्यात पाणीच जास्त असतं. आणि तीन आठवडे काटा जागचा हलला नाही, तर चालणं वाढवण्याआधी डब्यावरची तारीख बघा. बहुतेक वेळा तेल पुन्हा पाच लिटरवर गेलेलं असतं.