ध्येय, मार्गदर्शक आणि वैद्यकी : डॉ. महेंद्रलाल सरकार यांचे उदाहरण

वैद्यकीच्या व्यवसायात जम बसण्यास काय लागते, असा प्रश्न विचारला तर सामान्य मनुष्य पदवी, हातगुण आणि ओळखीपाळखी ही तीन कारणे सांगेल. ही कारणे खोटी नाहीत. तथापि नव्याने दवाखाना थाटणाऱ्या डॉक्टरास आणखी दोन गोष्टींची निकड भासते. ज्याच्याजवळ बसून शिकावे असा एखादा वडीलधारा मार्गदर्शक, ही पहिली. आणि हा व्यवसाय आपण कशासाठी चालवतो या प्रश्नाचे मनाशी ठरलेले उत्तर, ही दुसरी. या दोहोंपासून लाभ कोणता होतो आणि धोका कोणता संभवतो, हे समजून घेण्यास एकोणिसाव्या शतकातील कलकत्त्याचे (आजचे कोलकाता) डॉ. महेंद्रलाल सरकार यांचे चरित्र फार उपयोगी पडते.

पोरका विद्यार्थी

महेंद्रलाल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८३३ रोजी हावडा जिल्ह्यातील पाइकपाडा या खेड्यात झाला. पाचव्या वर्षी वडील गेले आणि नवव्या वर्षी आईचे छत्रही हरपले. मामांच्या आश्रयाने कलकत्त्यात वाढलेला हा मुलगा प्रथम हेअर स्कूलमध्ये व पुढे हिंदू कॉलेजात शिकला. त्याची ओढ विज्ञानाकडे होती आणि ती पुरी करण्याचे त्या काळातील मुख्य ठिकाण म्हणजे कलकत्ता मेडिकल कॉलेज. साहजिकच तो तेथे दाखल झाला.

तो दुसऱ्या वर्षात असतानाची एक हकीकत सांगतात. नात्यातील एका मुलाला घेऊन तो नेत्रविभागात गेला होता. तेथे डॉ. आर्चर पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना डोळ्याविषयी प्रश्न विचारीत होते. एका प्रश्नाला कोणासच उत्तर देता येईना, तेव्हा मागे उभ्या असलेल्या महेंद्रलालने ते दिले. आर्चर यांनी त्यास आणखी प्रश्न विचारले. पुढे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांपुढे प्रकाशशास्त्रावर व्याख्याने देण्याचे काम या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे आले. शिष्याची पात्रता ओळखून, वयाचा व वर्गाचा विचार न करता त्यास पुढे आणणे, हे मार्गदर्शकाचे पहिले कर्तव्य होय. पोरक्या मुलाच्या बाबतीत त्याचे मोल किती, हे निराळे सांगावयास नको.

१८६३ साली महेंद्रलाल एम. डी. झाले. कलकत्ता विद्यापीठाची ही पदवी मिळविणारे ते दुसरेच गृहस्थ होत. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची बंगाल शाखा स्थापन झाली. तिच्या सभेत त्यांनी होमिओपथीवर कडाडून टीका केली. या शाखेचे ते प्रथम चिटणीस व नंतर एक उपाध्यक्ष झाले. तिशीतच त्यांचा व्यवसाय भरभराटीस आला होता.

दुसरा मार्गदर्शक

याच वेळी राजेंद्रलाल दत्त यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध आला. दत्त हे कलकत्त्यातील एका धनाढ्य व्यापारी घराण्यातील गृहस्थ. त्यांनी होमिओपथीचा छंद घेतला होता आणि ते रोग्यांना विनामूल्य औषध देत. राजा राधाकांत देव आणि ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्यासारखी मंडळी त्यांच्या उपचारांचा अनुभव घेऊन चुकली होती. महेंद्रलाल यांच्याजवळ वैद्यकातील सर्वोच्च पदवी होती, तर दत्तांजवळ ती नव्हती. तरीही मतपरिवर्तन झाले ते पदवीधराचे.

निमित्त घडले एका ग्रंथाचे. होमिओपथीच्या तत्त्वज्ञानावरील एका पुस्तकाचे परीक्षण लिहिण्याची विनंती महेंद्रलाल यांस करण्यात आली. पुस्तक झोडपून काढण्याच्या हेतूने त्यांनी ते हाती घेतले. परंतु वाचता वाचता त्यांच्या मनात आले की, जी पद्धती आपण डोळ्यांनी पाहिली नाही तिच्यावर मत देणे न्यायाचे नव्हे. म्हणून ते दत्तांच्या रोग्यांकडे जाऊ लागले. रोगी बरे होताना त्यांनी पाहिले आणि त्यांचा विरोध मावळला.

१६ फेब्रुवारी १८६७ रोजी असोसिएशनच्या वार्षिक सभेत त्यांनी एक निबंध वाचला. प्रचलित वैद्यकातील अनिश्चितता दाखवून त्यांनी हानेमान यांच्या पद्धतीचा उघड पुरस्कार केला. सभेत एकच गदारोळ उडाला. व्यवसायबंधूंनी त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि ‘डॉ. सरकार यांनी आपली विद्या सोडली’ अशी वार्ता शहरभर पसरली. रोगी येईनासे झाले. सुमारे सहा महिने आपल्याकडे रोगी जवळजवळ फिरकलाच नाही, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. मौन पाळले असते तर या संकटातून ते सहज सुटले असते. परंतु जे खरे वाटले ते सांगितल्यावाचून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

जानेवारी १८६८ मध्ये त्यांनी ‘कलकत्ता जर्नल ऑफ मेडिसिन’ हे मासिक सुरू केले. हळूहळू रोगी परतले आणि पुढे त्यांचा व्यवसाय पूर्वीपेक्षाही वाढला. १८८५ साली श्रीरामकृष्ण परमहंसांच्या घशाच्या दुखण्यावर उपचार करण्यास त्यांनाच बोलावण्यात आले. रोग कर्काचा होता. तो काही हटला नाही आणि ऑगस्ट १८८६ मध्ये परमहंसांचे देहावसान झाले. मात्र त्या महिन्यांत हा व्यग्र डॉक्टर रोग्याजवळ तासन्‌तास बसे आणि श्रद्धा व बुद्धी या विषयांवर त्याच्याशी वाद घाली. अवतारकल्पना त्यास पटत नव्हती आणि तसे तो भक्तांच्या देखत बोलून दाखवी.

ते बरोबर होते काय?

येथे वाचकाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. ज्या मतासाठी महेंद्रलाल यांनी एवढी झळ सोसली, ते मत बरोबर होते काय?

आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. होमिओपथीत औषध शंभर पटींनी विरल करण्याची क्रिया पुष्कळदा तीस वेळा करतात. अशा द्रावणात मूळ द्रव्याचा एक रेणू उरण्याचीही शक्यता नसते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध पुरावा तपासला, तेव्हा कोणत्याही रोगावर ही पद्धती गुणकारी असल्याचा विश्वसनीय पुरावा तिला आढळला नाही. भारतात या पद्धतीस कायद्याने मान्यता आहे व लाखो लोक तिचा आश्रय घेतात. परंतु लोकमान्यता आणि सिद्धता या निराळ्या गोष्टी आहेत.

मग महेंद्रलाल यांची चूक कोठे झाली? त्यांनी रोगी बरे होताना पाहिले. परंतु औषध न घेताही त्यांपैकी किती बरे झाले असते, हे त्यांनी पाहिले नाही. पुष्कळ दुखणी काळाने आपोआप ओसरतात. शिवाय त्या काळच्या प्रचलित वैद्यकात रक्त काढणे, जालीम रेच देणे, पाऱ्याची औषधे देणे असे उपचार चालत. त्यांपासून जो रोगी वाचला, तो निरुपद्रवी पुड्या घेऊनही सुधारल्यासारखा दिसे. दोन सारखे गट करून, कोणता रोगी कोणत्या गटात जाईल हे दैवगतीवर सोपवून तुलना करण्याची रीत वैद्यकात रुळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची अशी प्रसिद्ध चाचणी १९४८ साली प्रकाशित झाली. हे साधन महेंद्रलाल यांच्या हाती नव्हते.

अशीच कथा अन्य पद्धतींचीही आहे. १८९५ साली अमेरिकेतील डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी मणक्यांवर हातांनी उपचार करण्याची ‘कायरोप्रॅक्टिक’ पद्धती सुरू केली. त्यांच्या पुत्राने तिचे विद्यालय वाढविले आणि शिष्यांमागून शिष्य तयार झाले. कंबरदुखीसारख्या काही तक्रारींत तिचा थोडाफार उपयोग होतो. पण बहुतेक सर्व रोगांचे मूळ मणक्यांत असते, हा संस्थापकांचा दावा टिकला नाही. अशा परंपरांत गुरूविषयीचा आदर आणि ध्येयाची तळमळ यांच्या बळावर व्यवसाय उभा राहतो. मात्र तेवढ्याने उपचार खरा ठरत नाही.

व्यवसायापलीकडचे ध्येय

महेंद्रलाल यांचे मोठेपण असे की, स्वतःच्या मतापेक्षा मत तपासण्याची रीत त्यांना अधिक मोलाची वाटे. १८६९ साली आपल्या मासिकात त्यांनी लिहिले की, भारतीयांनी विज्ञानाची उपासना स्वतः करावी म्हणून त्यांची स्वतःची संस्था हवी. सात वर्षे त्यांनी दारोदार देणग्या मागितल्या. सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर लाफों यांनी त्यांस साह्य केले. २९ जुलै १८७६ रोजी ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था स्थापन झाली आणि बहूबाजार रस्त्यावरील २१० क्रमांकाच्या वास्तूत तिचे काम चालू लागले. जगदीशचंद्र बोस व आशुतोष मुखर्जी यांच्यासारख्या तरुणांनी तेथे व्याख्याने दिली.

तरीही पूर्ण वेळ संशोधन करणारे प्राध्यापक नेमण्याइतका निधी जमला नाही. अखेरच्या वर्षांत महेंद्रलाल निराश झाले होते. २३ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा प्रयोगशाळा बहुतांशी सुनीच होती.

तीन वर्षांनी, १९०७ साली, सरकारी हिशेबखात्यातील एक अठरा वर्षांचा अधिकारी कलकत्त्यास आला आणि या संस्थेची पाटी पाहून आत शिरला. महेंद्रलाल यांचे पुत्र अमृतलाल यांनी त्याचे स्वागत केले व प्रयोगशाळा त्याला मोकळी करून दिली. कचेरीच्या आधी व नंतर तो तेथे प्रयोग करी. त्याचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी याच संस्थेत प्रकाशाच्या विकिरणाचा त्याचा शोध निश्चित झाला आणि १९३० साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले.

व्यवसायात पडणाऱ्या तरुणाने या चरित्रातून घ्यावयाचा बोध असा : मार्गदर्शकाजवळ श्रद्धेने शिकावे, पण त्याचे म्हणणे तपासून पाहण्याचा हक्क सोडू नये. जे पटले ते नुकसान सोसूनही बोलावे. आणि आपलीही चूक होऊ शकते हे जाणून, ती शोधून काढणारी माणसे व साधने मागे ठेवून जावे. महेंद्रलाल यांनी ज्या औषधांचा पुरस्कार केला ती आज विज्ञानाच्या कसोटीस उतरत नाहीत. त्यांनी उभारलेली संस्था मात्र आज जादवपूर येथे आपले संशोधनकार्य करीत आहे.